अफवेचा लोंढा आणि लोकशाहीचे बांध

पावसाळ्यांत लोणावळ्यास हजारों पाहुणे येतात. मावळच्या आठवडे-बाजारांत परगांवचे फिरस्ते येतात. अनोळखी माणसाची ये-जा हें या घाटमाथ्याचें नित्याचें जीवन आहे. म्हणूनच अनोळखी माणसाविषयींची अफवा येथें सर्वांत घातक ठरेल. ती काय करूं शकते, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे.

१ जुलै २०१८. धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें बाजाराचा दिवस होता. ‘मुलें पळविणारी टोळी आली आहे’ असा मजकूर व्हॉट्सॲपवरून फिरत होता. त्याच संशयानें जमावानें भिक्षेकरितां फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना ग्रामपंचायतीच्या कचेरींत ठार मारलें. टोळी नव्हतीच, पांच प्रेतें मात्र खरीं होतीं.

यावर सत्य कोणतें तें सरकारनेंच ठरवावें, असें प्रथम सुचतें. केंद्र सरकारनें २०२३ मध्यें आपल्या कारभाराविषयींचा मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार स्वतःच्या कक्षास देणारा नियम केलाही. मुंबई उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२४ मध्यें तो घटनाबाह्य ठरविला. आपल्याच खटल्यांत आपणच न्यायाधीश होणें कोणासही शोभत नाहीं.

लोकशाहीचे बांध निराळे असतात. पहिला, वेगास आवर. व्हॉट्सॲपनें एक संदेश एका वेळीं पुढें पाठविण्यास पांच ठिकाणांची मर्यादा घातली. प्रथम २०१८ मध्यें भारतांत, मग २०१९ मध्यें जगभर. दुसरा, कायद्याचा धाक. १७ जुलै २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक जिल्ह्यांत जबाबदार पोलिस अधिकारी नेमण्याचा, आणि झुंडशाहीचे परिणाम रेडिओ व दूरचित्रवाणीवरून लोकांस बजावण्याचा आदेश दिला. तिसरा, शिक्षण. फिनलंडांत बातमी व जाहिरात यांची पारख शाळेंतच शिकवितात.

चौथा बांध गांवाच्या विश्वासाचा. पोलिस पाटील किंवा शिक्षक ‘हें खोटें आहे’ म्हणाले, तर लोकांनीं तें मानलें पाहिजे. असा विश्वास अफवेच्या दिवशीं उत्पन्न होत नाहीं. पाणी, रस्ता, धान्य यांचा हिशेब ग्रामसभेंत वर्षभर उघडपणें मिळाला, तरच तो सांचतो.

शेवटचा बांध ज्याच्या त्याच्या हातांत आहे. हें कोणीं पाहिलें? केव्हां? कोठें? उत्तर नसेल, तर संदेश तेथेंच थांबवावा. बोरघाट उतरतांना ब्रेक लावणाऱ्या चालकास कोणी भित्रा म्हणत नाहीं.