नसलेलं बटण

सकाळी 6. चहा उकळेपर्यंत एक ओळ बोटांवर मोजून होते. आठ आणि आठ, सोळा मात्रा. व्याकरणात ह्याला पादाकुलक म्हणतात, पण नाव माहीत नसलेली मुलंही टाळ्या वाजवत हाच ठेका धरतात. मी लिहितेय ते पुस्तक खेळण्यांचं, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. पानं 24, कारण आठाच्या पटीत पानं घेतली की कागद वाया जात नाही. पहिलं पान शीर्षकाचं, शेवटचं छपाईच्या तपशिलाचं; मध्ये उरतात 11 जोडपानं. प्रत्येकावर दोन ओळी. दहा जोड्या झाल्यात, अकरावी तीन आठवडे अडून बसलीय. जहाज करून पाहिलं, किल्ला करून पाहिला, रॉकेट तर चारदा. यमकं जुळतात, पण ओळीत जीव येत नाही.

पावणेनऊ. नोएडा सेक्टर 18 हून निळी लाइन, मंडी हाउसला गाडी बदलून आयटीओ.

10. बहादूरशाह जफर मार्गावरचं नेहरू हाउस. व्यंगचित्रकार शंकर यांनी 1957 मध्ये चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापन केली. तिच्याच वास्तूत 1965 पासून त्यांचं बाहुल्यांचं संग्रहालय आहे. हंगेरीच्या राजदूतांकडून मिळालेल्या एका बाहुलीने त्यांना हा नाद लावला, आणि पुढे 85 देशांतल्या बाहुल्या इथे आल्या. मी येते ती त्यांचे हात बघायला: कोण घडा कसा धरतं, कोण नाचताना बोटं कशी वळवतं. आज मात्र नजर काचेवरच राहिली. माझ्या कमरेच्या उंचीवर ओळीने डाग होते. एक नाकाचा गोल ठसा, बाजूला दोन छोटे तळवे. आत दागिने, भुवया, जरीचे काठ, सगळं जिथल्या तिथे. आजीने मला चिंध्यांची बाहुली करून दिली होती, तिला तोंडच नव्हतं. ती सकाळी नवरी असायची, दुपारी तापाने फणफणलेली, आणि मी तिच्या कपाळावर ओल्या रुमालाची घडी ठेवायचे. काचेतल्या बाहुल्या मला मनापासून आवडतात. पण पुस्तकात मला ती बिनतोंडाची हवी आहे.

दुपारी 1. घरी, टेबलावर. सुदर्शन खन्ना यांचं भारतीय खेळण्यांवरचं पुस्तक आणि अरविंद गुप्तांचं एक, दोन्ही नॅशनल बुक ट्रस्टची. कागद, काडी, दोरा, आणि मोडलं तर पुन्हा कर. एक भिंगरी करून खिडकीत धरली. फिरली.

3. चित्रकार गुरुग्रामला असतो, मूळचा कोल्हापूरचा. चौथ्या जोडपानावरच्या माझ्या ओळी अशा:

डबा उलटला, झाली गाडी
खोक्यावरती चढली माडी

त्याने सुरेख गाडी काढून पाठवली होती. चार चाकं, दिवे, नंबरप्लेटसुद्धा.

"अरे, चाकं कशाला?"

"ताई, नाहीतर तो नुसता डबाच दिसंल की."

"डबाच दिसू दे."

अर्धा तास बोललो. ओळ म्हणते गाडी. चित्रानेही गाडीच दाखवली तर मुलाला करायला उरलं काय? चाकं त्याची त्याने लावावीत. पत्र्याचा डबा, एका बाजूला पोचा, वर दोन्हीकडे पाय टाकून बसलेला पोरगा. एवढंच. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पोचा जमंल."

साडेपाच. सोसायटीतली पाच मुलं माझ्या दिवाणखान्यात जमली. दोघांच्या घरी मराठी, एकीचे बाबा नागपूरचे आणि आई बंगाली, बाकी दोघं ऐकून ऐकून शिकलेली.

"मावशी, माडी म्हणजे?"

"वरचा मजला."

"मग फ्लोअर म्हण ना!"

माडी मी ठेवणार आहे. शब्द ओळखीचा नसला तरी चित्रात खोक्यावर खोकं दिसेल, आणि मूल तो उचलेल. पण वाचन तिथेच थांबलं, कारण शेजारच्या नव्या फ्रिजचं खोकं दारात पडलं होतं आणि दोघं त्यात शिरलेही. झाकणं आतून ओढून घेतली. फटीतून एक बोट बाहेर आलं आणि हवेत टेकलं.

"चौदा!"

मग आतून लांब घूंऽऽ. मध्येच आवाज बंद.

"लाइट गेली."

"गप बस. जनरेटर येईल आता."

दोघं खरंच गप्प बसली. बाहेरचे तिघेही श्वास रोखून उभे राहिले. मी मनात दहा मोजले असतील. मग खोकं हाललं, घूंऽऽ पुन्हा सुरू झालं, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

तीन आठवडे मी रॉकेटच्या मागे होते, आणि ही पोरं रोज चौदा मजले चढत-उतरत होती.

रात्री 10. लिफ्टला गिफ्टचं यमक लगेच सुचलं आणि लगेच खोडलं. तो शब्दच नको. मुलांनीही तो उच्चारला नव्हता. दार आणि बोट, बस.

खोक्याचं मग दार लावलं
नसलेलं ते बटण दाबलं

बोटांवर मोजलं. आठ, आठ. आठ, आठ. मोठ्याने पाचदा म्हटलं; "नसलेलं ते" पाशी आवाज आपोआप हळू होतो, मग "बटण" वर उडी येते. तीच हवी होती.

चित्रकाराला पाठवलं. खाली लिहिलं: खोकं दाखव, फट दाखव, बोट दाखव. बटण नको.

दोन मिनिटांत उत्तर: "ताई, मग बोट टेकवू कुठं?"

"हवेत."