पॅनेल, फ्रायर, सीएनसी: कोणत्या मशीनजवळ कोणता फायर सिलिंडर?



मशीन घेताना आपण चार कोटेशन मागवतो. फायर सिलिंडर घेताना काय करतो? विक्रेता येतो, सहा लाल सिलिंडर भिंतीला टांगतो, बिल देतो आणि जातो. सहाच्या सहा एबीसी पावडरचे. कागद पूर्ण झाले, आपण निवांत. पण तुमच्या शेडमध्ये आग लागलीच, तर ती कशाची असेल? सिलिंडर या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो, भिंतीवरच्या रिकाम्या जागेवर नाही.

आधी ओळखा: जळणार काय?

आपल्याकडे आगीचे वर्ग असे धरतात. ए म्हणजे लाकूड, कागद, कापड, पुठ्ठा. बी म्हणजे डिझेल, थिनर, ऑइल. सी म्हणजे एलपीजीसारखे वायू. डी म्हणजे मॅग्नेशियमसारखे धातू. तळणाच्या तेलाचा वर्ग वेगळा, एफ. विजेच्या आगीला स्वतंत्र वर्ग नाही, कारण वीज स्वतः जळत नाही; वायरचं आवरण किंवा ट्रान्सफॉर्मरमधलं तेल जळतं. म्हणून पहिलं काम मेन स्विच बंद करणं. सप्लाय चालू राहिला, तर विझलेली आग तिथेच पुन्हा पेटते.

आता मशीननुसार बघू

*इलेक्ट्रिक पॅनेल, ड्राइव्ह, सर्व्हर:* इथे सीओटू. वायू उडून जातो, मागे काही राहत नाही. एबीसी पावडरनेही आग विझेल, पण ती अमोनियम फॉस्फेटची असते. ओलावा लागला की धातू खाते. आग दोन मिनिटांत विझते आणि कार्ड, कॉन्टॅक्टर पुढचे कित्येक दिवस बदलत बसावे लागतात.

*ऑइल कूलंटवर चालणारं सीएनसी:* ठिणगी आणि तेलाची वाफ बंद डब्यातच असतात. त्यामुळे डब्याच्या आत बसणारी ऑटोमॅटिक सीओटू सिस्टिम चांगली. ती सुटताना पंप आणि मिस्ट कलेक्टरचा पंखा बंद व्हायलाच हवा. नाहीतर पंखा वायू ओढून बाहेर टाकतो.

*फरसाणाची कढई, फ्रायर:* पाणी तर नकोच. उकळत्या तेलात पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते, आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. पावडरने ज्वाळा दबते, पण तेल थंड होत नाही, पुन्हा पेटू शकतं. इथे वेट केमिकल हवं. ते गरम तेलावर साबणासारखा थर धरतं आणि तेल थंडही करतं.

*थिनर, पेंट, डिझेलची साठवण:* फोम. तो द्रवावर पांघरूण घालतो आणि वाफ अडवतो. मात्र फोममध्ये पाणी असतं, चालू विजेवर मारू नका. अल्कोहोल किंवा अॅसिटोन असेल तर साधा फोम विरघळतो. अल्कोहोल-रोधक फोम मागा.

*मॅग्नेशियमचा चुरा:* यावर पाणी मारलं तर हायड्रोजन तयार होतो, आणि सीओटूमध्येसुद्धा मॅग्नेशियम जळत राहतं! डी वर्गाची खास पावडरच ठेवा.

सीओटूबद्दल एक हिशेब

हा हिशेब नीट बघा, कारण इथे माणसाचा जीव आहे. तुमची पॅनेल रूम ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, अडीच मीटर उंच आहे असं धरा. म्हणजे १५ घनमीटर हवा. साडेचार किलोच्या एका सीओटू सिलिंडरमधून साधारण २.४ घनमीटर वायू निघतो. दार बंद ठेवून तो पूर्ण सोडला, तर खोलीत सुमारे १५ टक्के सीओटू होतो. १० टक्क्यांच्या वर गेलं की काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आणि पूर्ण खोली भरून आग विझवायची, तर सीओटू किमान ३४ टक्के लागतो. त्या प्रमाणात माणूस जगत नाही. म्हणून माणसं काम करतात त्या बंद खोलीत पूर्ण खोली भरणारी सीओटू सिस्टिम बसवू नका. तिथे क्लीन एजंट किंवा इनर्ट गॅस विचारा. हातातला सिलिंडर दारातून, बाहेर पडायची वाट मागे ठेवून वापरा, आणि नंतर हवा खेळू द्या.

क्लीन एजंट घेताना

एफएम-२०० ही एचएफसी आहे. २०१६ च्या किगाली करारानुसार जगभर एचएफसी टप्प्याटप्प्याने कमी होतायत. नोव्हेक १२३० बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२२ मध्येच जाहीर केलं, की २०२५ अखेर या गटाची रसायनं बंद करणार. तोच एजंट दुसऱ्या कंपन्याही बनवतात. म्हणून आजच्या किमतीबरोबर हे लेखी विचारा: गॅस एकदा सुटला तर रिफिलिंग कोण करणार, किती दिवसांत, किती रुपयांत? आणि खोलीला फटी असतील तर गॅस टिकणार नाही. केबलची भोकं आधी बुजवा.

या शनिवारी एवढं करा

१. शेडमध्ये फिरा. प्रत्येक मशीनसमोर "काय जळेल?" याचं एका शब्दात उत्तर लिहा.
२. त्या उत्तराला जवळचा सिलिंडर जुळतो का, बघा. तिथपर्यंतचं चालायचं अंतर १५ मीटरच्या आत हवं.
३. पावडर सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का? सीओटूला काटा नसतो, तो वजन करून तपासतात. वजन घटलं असेल तर रिफिल.
४. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा तुमच्या इमारतीला लागू असेल, तर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घ्या.
५. रात्रपाळीच्या माणसाला सिलिंडर हातात देऊन पिन काढायला शिकवा. सीओटूचा भोंगा बर्फासारखा गार पडतो, तो हाताने धरायचा नाही, हेही सांगा.

आणि आग कमरेच्या वर गेली, किंवा धूर कोंडला, तर सिलिंडर खाली ठेवा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. मशीन परत घेता येतं मित्रांनो, माणूस नाही.