दोन नंबरच्या बेअरिंगसाठी राखीव ऑइल

रेसमध्ये पोर्शे ९४४ चं इंजिन बसलं असं कळलं, की जाणकार पहिला प्रश्न विचारतात: दोन नंबरच गेलं ना? चार सिलिंडरच्या या इंजिनात दुसऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग बाकी तिघांच्या आधी जातं. अमेरिकेतल्या क्लब रेसिंगच्या जगात ही गोष्ट इतकी मुरलेली आहे, की जुनी ९४४ ट्रॅकसाठी तयार करणारा माणूस रंग, सीट, टायर यांच्या आधी ऑइलचं चेंबर उतरवतो आणि त्या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या बाहेर काढून बघतो.

गाडी मोठी गुणाची. १९८२ ते १९९१ या काळात निघालेली, इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखं विभागलेलं. अडीच लिटरचं इंजिन पोर्शेच्याच ९२८ च्या आठ सिलिंडर इंजिनाच्या अर्ध्या भागावर बेतलेलं. चार मोठे सिलिंडर थरथरू नयेत म्हणून त्यात उलट फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट बसवलेले. बॉनेट खाली ठेवता यावं म्हणून सगळं इंजिन एका अंगावर ३० अंश झुकवलेलं. रस्त्यावर ही इंजिनं लाखो किलोमीटर चालली आहेत. ट्रॅकवर नेल्यावर मात्र दुखणं वर येतं, आणि त्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. क्रँकशाफ्टच्या पोटातून त्या रॉडपर्यंत ऑइल नेणाऱ्या छिद्राची रचना हे एक. चढ्या आरपीएमला ऑइलमध्ये हवा मिसळते, हे दुसरं. आणि वळणावर ऑइल पंपाच्या तोंडापासून लांब पळतं, हे तिसरं. ऑइल प्रेशर ॲक्युम्युलेटर नावाची जी बाटली या गाड्यांमध्ये बसवतात, तिचा उपाय फक्त तिसऱ्या कारणावर चालतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ती बसवली की सगळं भागलं, असं समजणारे बरेच भेटतात.

वळणावर नेमकं होतं काय? गाडीला गुरुत्वाकर्षणाइतकाच आडवा ओढा बसला, म्हणजे १ जी, की चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. १.२ जी झाला तर ५० अंशांनी. रेसचे टायर असलेली गाडी एवढा ओढा सहज निर्माण करते. त्यात वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबलेला असतो, म्हणजे ऑइल एकाच वेळी पुढे आणि बाजूला धावतं. कनेटिकट राज्यातला लाइम रॉक पार्क हा १९५७ साली सुरू झालेला, दीड मैलांचा छोटा ट्रॅक. त्याच्या सात वळणांपैकी फक्त एक डावं आहे. सरळ पट्ट्यावरून भरधाव येऊन, जोरात ब्रेक लावून बिग बेंड या लांबलचक उजव्या वळणात शिरायचं आणि मग फेरीभर बहुतेक उजवीकडेच वळत राहायचं. ऑइल चेंबरच्या डाव्या भिंतीवर चढतं. पंपाची सोंड उघडी पडली, की पंप हवा ओढतो.

मोटरसायकलच्या इंजिनाला हा त्रास नसतो, कारण वळताना मोटरसायकलच झुकते आणि ऑइल चेंबरच्या तळाशीच राहतं. तेच इंजिन चार चाकांच्या गाडीत बसवलं की चित्र पालटतं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या फॉर्म्युला स्टुडंट संघांना हे चांगलं ठाऊक असतं. त्यांच्यातले अनेक जण चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेलं केटीएम ३९० चं इंजिन वापरतात आणि कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत या स्पर्धेत उतरतात. झुकण्यासाठी बनलेलं इंजिन न झुकणाऱ्या गाडीत आलं, की चेंबरचा विचार पहिल्यापासून करावा लागतो.

प्रेशर गेल्यावर इंजिनाला किती अवधी मिळतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यात सुमारे ०.०५ मिलिमीटरची फट असते. शाफ्ट फिरताना त्या फटीत ऑइल ओढून घेतो आणि ऑइलच्या थरावर तरंगतो. स्फोटाचा दणका हा थर पेलतो. पंपाचं काम थर तयार करण्याचं नाही, फटीत ऑइल कमी पडू न देण्याचं आहे. ६००० आरपीएमला शाफ्ट सेकंदाला १०० वेळा फिरतो. अर्धा सेकंद ऑइल आलं नाही, तर ५० फेरे उपाशी. एका वळणाने बेअरिंग जाईलच असं नाही, पण प्रत्येक फेरीत तेच वळण येतं.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या आणि एकाच बाजूला उघडणाऱ्या छोट्या झडपा बसवून ऑइल सोंडेपाशी कोंडून ठेवणं. स्वस्त आणि चांगला उपाय. दुसरा, ड्राय संप: चेंबरमध्ये ऑइल ठेवायचंच नाही, वेगळ्या पंपांनी ते ओढून उंच टाकीत साठवायचं. पोर्शेच्या ९११ मध्ये ही व्यवस्था पहिल्यापासून होती. जुन्या ९४४ वर ती चढवायची तर काही हजार डॉलरचा खर्च आणि बरीच काटछाट. तिसरा उपाय म्हणजे ही बाटली, काहीशे डॉलरची. कनेटिकटमधलीच कँटन रेसिंग प्रॉडक्ट्स ही कंपनी ती अ‍ॅक्युसंप नावाने विकते. ते नाव इतकं रुळलंय, की दुसऱ्या कंपनीच्या बाटलीलाही लोक तेच म्हणतात.

बाटली म्हणजे ॲल्युमिनियमचं नळकांडं, आत सैल सरकणारा पिस्टन. पिस्टनच्या एका बाजूला ऑइल, दुसऱ्या बाजूला हवा. हवेच्या टोकाला प्रेशरचं घड्याळ आणि टायरला असतो तसा व्हॉल्व्ह. ऑइलच्या टोकाची नळी इंजिनाच्या ऑइलच्या मुख्य वाटेला जोडलेली. प्रेशर चांगलं असताना ऑइल आत शिरून हवेला दाबतं. प्रेशर पडलं, की दबलेली हवा पसरते आणि ऑइल परत ढकलते. उंच इमारतींत पाण्याच्या प्रेशर पंपाशेजारी उभी असलेली गोल टाकी याच पद्धतीने चालते. दाबाखाली द्रव साठवून ठेवण्याची कल्पना त्याहून जुनी आहे: लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ साली उघडला, तेव्हा त्याचे अजस्र पूल उचलण्याची ताकद वाफेच्या पंपांनी अशाच साठ्यांत भरून ठेवलेली असे. तिथे हवेच्या जागी वजनं होती, एवढाच फरक.

आता खरा प्रश्न. बाटलीत ऑइल किती मावतं यापेक्षा, अडचणीच्या क्षणी त्यातलं किती बेअरिंगपर्यंत पोचतं? मला या यंत्राची गोडी लागली ती या हिशेबामुळे. बाटली रिकामी असताना हवेच्या बाजूला थोडी हवा आधीच भरून ठेवावी लागते, साधारण ७ पीएसआय. काही जण १५ पर्यंत नेतात. समजा बाटलीची आतली जागा दोन लिटर आहे आणि इंजिनाचं प्रेशर ६० पीएसआय. बाहेरच्या हवेचा १४.७ पीएसआयचा दाब धरून शाळेतला बॉइलचा नियम लावला, तर ७ ची भरती असताना बाटलीत सुमारे १.४ लिटर ऑइल साठतं. प्रेशर ६० वरून २० ला येईपर्यंत त्यातलं जेमतेम ६७० मिलिलिटर बाहेर पडतं. बाकीचं आतच राहतं, कारण ते ढकलायला हवेत तेवढा जोर उरत नाही. भरती १५ ची ठेवली तर साठा घटून १.२ लिटर होतो, पण त्याच घसरणीत सुमारे ९१५ मिलिलिटर बाहेर येतं. साठा कमी, उपयोग जास्त. चढ्या वेगाला इंजिन मिनिटाला २० लिटर ऑइल पितं असं धरलं, आणि पंप पूर्ण कोरडा पडला, तर पहिली भरती दोन सेकंद पुरते आणि दुसरी पावणेतीन. ऑइल झपाट्याने बाहेर पडताना हवा थंड होते आणि दाब आणखी उतरतो, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडं कमी. उलट पंप बहुधा पूर्ण कोरडा पडत नाही, अधूनमधून घोट घेत राहतो. दोन-तीन सेकंद हे बाटलीचं खरं भांडवल. बसवणाऱ्याची सगळी हुशारी ते वाया जाऊ न देण्यात आहे.

म्हणून नळी जाड आणि आखूड हवी. १० नंबरची, स्टीलची जाळी चढवलेली नळी यासाठी वापरतात. तिचं आतलं भोक साधारण १४ मिलिमीटर असतं. बाटली मागच्या डिकीत ठेवून लांब, बारीक नळी पुढे आणली, तर ते दोन सेकंद नळीतच संपतात. ९४४ मध्ये अडचण जागेची. ऑइल फिल्टर एक्झॉस्टच्या बाजूला, खाली लपलेला असतो. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये एक चकती बसवून तिथून नळी काढायची म्हटली, की ती लाल होणाऱ्या पाइपांजवळून न्यावी लागते. तिला उष्णतारोधक बाही घालायची, रबर लावलेल्या क्लिपांनी बॉडीला धरायची आणि इंजिन हललं तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवायची. बाटली बहुतेक जण शेजारच्या सीटच्या पायांपाशी आडवी बांधतात. केबिनमध्ये गरम ऑइल आणायला रेसचे नियम परवानगी देतात का, ते वाचल्याशिवाय भोकं पाडू नयेत.

नळी कुठे जोडायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. पंप आणि जोडणी यांच्यामध्ये एकाच दिशेने वाट देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असायलाच हवा. तो नसेल, तर प्रेशर पडताच बाटलीतलं ऑइल सोप्या वाटेने, म्हणजे फिल्टर आणि पंपाकडून उलटं, चेंबरमध्ये जाईल आणि बेअरिंग तसंच कोरडं राहील. त्यासाठी तयार मिळणाऱ्या काही चकत्यांमध्ये हा व्हॉल्व्ह आतच असतो. पण एकदा जोडणी फिल्टरच्या पुढे आली, की बाटलीतून निघालेलं ऑइल फिल्टरमधून न जाता थेट बेअरिंगला भिडतं. नळी कापताना आत राहिलेला रबराचा किंवा पोलादाच्या तारेचा कण तिथेच जातो. नळी कापल्यावर ती पेट्रोलने धुवून, हवेने फुंकून, पुन्हा धुणारा मिस्त्री मला जास्त विश्वासाचा वाटतो. स्वस्तात मिळते म्हणून बसलेल्या इंजिनाच्या गाडीतली जुनी बाटली घेणं तर धोक्याचंच. त्या इंजिनाच्या बेअरिंगचा भुगा तिच्यात मुरलेला असू शकतो. घेतलीच तर पिस्टन काढून, नळकांडं आतून पुसून, सगळे ओ-रिंग बदलूनच.

व्हॉल्व्हची निवड हा वादाचा विषय आहे. साधा बॉल व्हॉल्व्ह केबलने किंवा हाताने उघडायचा, रेसभर उघडा ठेवायचा: ऑइल येणं-जाणं दोन्ही मोकळं. दुसरा प्रकार विजेवर चालतो. इंजिनाचं प्रेशर ठरलेल्या आकड्याखाली गेलं, की प्रेशर स्विच तो उघडतो, एरवी बंद असताना बारीक वाटेने बाटली हळूहळू भरत राहते. त्याचा फायदा खरा आहे. गरम इंजिन पिटमध्ये मंद चालत असताना प्रेशर उतरतं, तेव्हा उघड्या बॉल व्हॉल्व्हमधून बाटली आपोआप रिकामी होते. स्विचचा आकडा त्या प्रेशरच्याही खाली ठेवलेला असला, तर विजेचा व्हॉल्व्ह ते ऑइल अडवून ठेवतो. पण वळणामागून वळण येणाऱ्या ट्रॅकवर बाटली पुन्हा किती लवकर भरते, याला जास्त किंमत आहे, आणि तिथे बारीक वाट आड येते. लाइम रॉकसारख्या ठिकाणी मी बॉल व्हॉल्व्ह निवडेन. त्यात वायर नाही, स्विच नाही, बिघडण्याजोगं काहीच नाही.

पहिल्यांदा सुरू करताना घाई करू नये. हवा भरून घ्यायची, व्हॉल्व्ह उघडून इंजिन चालू करायचं, बाटली भरली की चेंबरची पातळी उतरते, तेवढं ऑइल वरून घालायचं. त्यानंतरचा नियम एकच: इंजिन बंद करण्याआधी, प्रेशर असतानाच, व्हॉल्व्ह बंद करायचा. पुढच्या वेळी किल्ली फिरवण्याआधी तो उघडला, की ऑइल बेअरिंगांमध्ये शिरतं आणि स्टार्टर फिरण्याआधीच प्रेशरचा काटा वर येतो. थंड इंजिनाची सर्वांत जास्त झीज पहिल्या काही क्षणांत होते, म्हणून रेसमध्ये बाटलीची गरज पडो न पडो, हा फायदा रोजचा आहे. व्हॉल्व्ह बंद करायला विसरलं आणि डिपस्टिक पाहून ऑइल कमी-जास्त करायला गेलं, तर आकडा फसवतो, कारण बाटलीतलं सगळं ऑइल तेव्हा चेंबरमध्ये असतं.

बाटलीबद्दल माझी एक तक्रार आहे. तिच्यामुळे इंजिनाचा काटा स्थिर राहतो आणि चेंबरचा दोष नजरेआड होतो. म्हणून ती बसवण्याआधी त्याच ट्रॅकवर आडवा ओढा आणि ऑइल प्रेशर एकत्र नोंदवून घ्यावं. बिग बेंडमध्ये प्रेशर किती आणि किती वेळ पडतं, हे त्यातून कळतं. आधी चेंबरमध्ये पट्ट्या बसवून ती घसरण कमी करावी, क्रँकशाफ्टच्या छिद्राचं काम इंजिन उघडलेलं असतानाच उरकावं, आणि उरलेल्या दोन सेकंदांसाठी बाटली. बसवल्यानंतरही बाटलीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवावं. वळणात ते वेगाने खाली येत असेल, तर पंप अजून उपाशी आहे.

मोसमाच्या सुरुवातीला इंजिन बंद ठेवून, व्हॉल्व्ह उघडून बाटली पूर्ण रिकामी करावी आणि हवेचं प्रेशर मोजावं. मग हवेच्या टोकाच्या व्हॉल्व्हची सुई हलकेच दाबावी. नुसती हवा सुटली तर ठीक. बोटावर ऑइलचा तुषार आला, तर पिस्टनचे ओ-रिंग गेलेत. बाटली उतरवून ते बदलायचे, आणि मगच हवा भरायची.