कोर्टाची नक्कल: नंबर सापडला की निम्मे काम झाले

न्यायालयाच्या संचिकेतील कागदाची सही-शिक्क्यानिशी मिळणारी प्रत म्हणजे प्रमाणित प्रत. कोर्टाच्या आवारात तिला नक्कल म्हणतात. मूळ कागद न्यायालयातून बाहेर जात नाही, म्हणून कायद्याने या नकलेला मुळाच्या जागी उभे राहण्याचा मान दिला आहे. पूर्वी ही तरतूद १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यात होती. १ जुलै २०२४पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३मध्ये आहे. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात नकलेची गरज बहुधा शेतजमिनीपायी पडते. वाटणीच्या दाव्यातला हुकूमनामा फेरफाराला जोडायचा असतो, बांध-धुऱ्याच्या भांडणात आजोबांच्या काळचा मनाईहुकूम दाखवायचा असतो, किंवा शेत विकत घेणाऱ्याला त्या गटावर कुठे दावा चालू नाही ना, याची खात्री हवी असते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, साध्या झेरॉक्सवर फेरफार धरत नाहीत.

नकलेचा अर्ज एका पानाचा असतो आणि त्यात अवघड काही नाही. माणसे अडतात ती त्याआधी: दावा कोणत्या कोर्टात चालला, त्याचा नंबर काय आणि संचिका आज कोणत्या कपाटात आहे, या तीन प्रश्नांपाशी.

औशात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचे न्यायालय आहे आणि तेथेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फौजदारी खटले चालतात. परंतु जमीन औसा तालुक्यातली म्हणून दावाही औशातच चालला असेल, असे गृहीत धरता येत नाही. कनिष्ठ स्तर न्यायालयाची आर्थिक मर्यादा पाच लाख रुपयांची. त्यावरच्या मूल्यांकनाचा दावा वरिष्ठ स्तर न्यायालयात दाखल होतो. खुनासारखा गुन्हा औशातल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सुरू होऊन सत्र न्यायालयाकडे सुपूर्द केला जातो, आणि मग त्याचे कागद सत्र खटल्याच्या नव्या नंबराखाली असतात. औशाच्या निकालावरचे पहिले अपील जिल्हा न्यायालयात, दुसरे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. एकाच भांडणाला अशा रीतीने तीन नंबर आणि तीन गावे लाभतात. घरात कोणाच्या तरी तोंडी असलेला नंबर बहुतेक वेळा शेवटच्या पायरीचा असतो आणि माणूस तो घेऊन पहिल्या पायरीवर विचारत बसतो.

नंबर लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे: आधी प्रकार, मग क्रमांक, मग वर्ष. आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावा, आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला, एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. निकालाच्या अंमलबजावणीसाठी केलेली दरखास्त आणि वारस दाखल्यासारखे किरकोळ अर्ज यांचे क्रमांक वेगळे पडतात. प्रकार चुकला तर क्रमांक व वर्ष बरोबर असूनही भलतीच संचिका हाती येते. घरात जुने समन्स, नोटीस, वकीलपत्राची प्रत किंवा कोर्ट फीची पावती असेल तर नंबर त्यावर असतोच. काहीच नसेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांचा रकाना पाहावा आणि त्यात नोंदलेला जुना फेरफार तहसीलमधून काढावा. न्यायालयाच्या आदेशावरून झालेल्या फेरफारात दाव्याचा नंबर आणि आदेशाची तारीख लिहिलेली असते. हा मार्ग फार थोड्यांना सुचतो; प्रत्यक्षात तो सर्वांत भरवशाचा आहे. त्या वेळच्या वकिलांची डायरी हा दुसरा मार्ग, वकील हयात असले किंवा त्यांचे दप्तर पुढच्या पिढीने जपले असेल तर.

अलीकडच्या प्रकरणांसाठी ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ आणि मोबाइल अॅप आहे. तेथे राज्य महाराष्ट्र, जिल्हा लातूर आणि मग औशाचे न्यायालय निवडले की पक्षकाराचे नाव, दाव्याचा क्रमांक, वकिलाचे नाव किंवा पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक यांवरून शोध घेता येतो. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचे दोन अंक, प्रकरणाचे सहा आणि वर्षाचे चार. हा क्रमांक हाती असला की बाकी काही भरावे लागत नाही. नावावरून शोधताना मात्र धीर लागतो. पक्षकारांची नावे पुष्कळदा इंग्रजीत नोंदलेली असतात आणि स्पेलिंग नोंदणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर असते. क्षीरसागर, सूर्यवंशी, मुळे ही नावे चार-चार तऱ्हांनी भेटतात. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे टाकून एकेक वर्ष तपासणे बरे. प्रलंबित आणि निकाली यांचे खाने वेगळे असतात, तेव्हा जुना दावा शोधताना निकाली किंवा दोन्ही हा पर्याय निवडायला विसरू नये. नाव वादीचे सापडले नाही तर प्रतिवादीचे टाकून पाहावे. लैंगिक अत्याचाराच्या आणि बालकांच्या प्रकरणांत पीडितांची ओळख कायद्याने झाकलेली असते, त्यामुळे ती तेथे शोधूही नये.

संकेतस्थळावरून उतरवलेला निकाल वाचायला पुरतो, पुरावा म्हणून चालत नाही. संगणकीकरणाआधीची बहुतेक प्रकरणे तर तेथे नाहीतच. त्यांच्यासाठी न्यायालयाच्या नोंदवह्या आहेत. दावे दाखल झाले त्या क्रमाने दरवर्षीची नोंदवही ठेवलेली असते. अर्ज करून, शोधाची फी भरून त्या वर्षाची नोंद पाहून घेता येते. साल नक्की ठाऊक नसेल तर दोन-तीन वर्षांचा पल्ला द्यावा. ‘खूप जुनी केस आहे, आजोबांच्या नावाची’ एवढ्यावर कोणताही कारकून नोंदवही उघडणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

नंबर मिळाला तरी संचिका त्याच इमारतीत असेल असे नाही. निकाली प्रकरणांचे कागद काही काळ मूळ न्यायालयात राहतात, नंतर ते जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात जमा होतात. औशाच्या बाबतीत लातूरला, वीसेक किलोमीटरवर. अपील झाले असेल तर मूळ संचिका अपिली न्यायालयाने मागवून घेतलेली असते आणि ते संपून ती परत येईपर्यंत औशातल्या अर्जावर ‘रेकॉर्ड वर गेले आहे’ एवढाच शेरा मिळतो. म्हणून अर्ज देण्यापूर्वी संचिका कुठे आहे हे तोंडी विचारून घ्यावे. एक फेरी वाचते.

लातूर जिल्हा १९८२मध्ये उस्मानाबादेतून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून, वेगळा झाला. त्यापूर्वीच्या प्रकरणांचा, विशेषतः अपिलांचा, माग लातुरात लागला नाही तर धाराशिवच्या अभिलेख कक्षातही चौकशी करावी लागते. उच्च न्यायालयाचे कामकाज औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९८१मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्याआधीच्या दुसऱ्या अपिलांची दिशा मुंबईची. त्याहीमागे गेले की १७ सप्टेंबर १९४८पूर्वीचे निजामाचे हैदराबाद संस्थान येते. तेव्हाचे न्यायालयीन कामकाज उर्दूतून चाले आणि हस्ताक्षर बहुधा जलद, मोडते. तारखा फसली सनाच्या. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो: १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. वर्ष ऑक्टोबरात बदलत असल्याने कधी एका वर्षाचा फरक पडतो, महिन्यांची नावेही आजूर, बहमन, खुरदाद अशी पारशी वळणाची. असा कागद मिळाला तर नकलेबरोबर जाणकाराकडून भाषांतर करून घ्यावे लागते. मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. तिच्या कामात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची केवढी टंचाई आहे हे सगळ्या राज्याने पाहिले.

औसा तालुक्याला आणखी एक अडचण आहे, ती ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाची. किल्लारी याच तालुक्यातले. भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्या आधीच्या दाव्यांत घराचे वर्णन जुन्या गावठाणातल्या घर क्रमांकावरून आणि जुन्या चतुःसीमांवरून केलेले असते. नव्या घराचा क्रमांक देऊन शोध घेतला तर काहीच सापडत नाही. अशा वेळी मिळकतीवरून न शोधता पक्षकाराच्या नावावरून शोधावे.

नक्कल कोण मागू शकतो? दाव्यातील पक्षकार किंवा त्याचा वकील हक्काने मागतो. मृत पक्षकाराच्या वारसाने मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद जोडावा. दाव्याशी संबंध नसलेल्या माणसालाही दार बंद नसते, मात्र त्याला नक्कल कशासाठी हवी याचे कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दावा चालू असताना ही परवानगी जरा जपून दिली जाते. दुसऱ्याने पुराव्यात हजर केलेल्या खासगी दस्तऐवजांबाबत तर अधिकच.

अर्जात न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक व वर्ष, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि हवे असलेले कागद स्पष्ट लिहावेत. ‘सर्व कागदपत्रे’ असे लिहिले की पाने वाढतात, खर्च वाढतो आणि दिवसही. संचिकेतील प्रत्येक अर्जाला व दस्तऐवजाला निशाणी क्रमांक असतो. दावा, कैफियत, मुद्दे, निकालपत्र, हुकूमनामा यांपैकी नेमके काय हवे ते निशाणीसह लिहिले तर काम सरळ होते. निशाणी माहीत नसेल तर आधी पाहणीचा अर्ज देऊन संचिका वकिलामार्फत पाहून घ्यावी. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो, पानांप्रमाणे नकलेची फी वेगळी आणि तातडीच्या नकलेला जास्त आकार. फीचा दर त्या दिवशीचा, नक्कल विभागातच विचारावा. आवारात फिरणाऱ्या मध्यस्थाला नव्हे.

निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत, आणि दोन्हींची नक्कल मागावी. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणमीमांसा असते. कोणाला कोणत्या गटातला किती हिस्सा, हे अंमलात आणण्याजोग्या शब्दांत हुकूमनाम्यात उतरते. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे निकालानंतर १५ दिवसांत हुकूमनामा तयार व्हायला हवा. शेतजमिनीच्या वाटणीत तो पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि मोजणी व प्रत्यक्ष ताबा महसूल खात्यामार्फत होतो. त्यामुळे पाच-पाच वर्षे निकालपत्र उशाला घेऊन बसलेली कुटुंबे असतात, ज्यांनी हुकूमनामा कधी काढलाच नाही.

नकलेच्या शेवटच्या पानावरच्या तारखांकडे सहसा कोणी पाहत नाही. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, हे तेथे लिहिलेले असते. दिवाणी निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. १९६३च्या मुदत कायद्याच्या कलम १२प्रमाणे नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ या मुदतीतून वगळला जातो. परंतु हा काळ अर्ज दिल्यापासूनच मोजतात. हुकूमनामा तयार व्हायला वेळ लागला म्हणून कोणी आधी अर्जच केला नाही, तर ते दिवस वगळले जात नाहीत, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा, असे जुने वकील सांगतात त्यामागे हे कारण आहे. आणि नक्कल तयार झाल्यावर ती उचलायला आठवडा लावला, तर तो आठवडा अपील करणाऱ्याच्या खात्यातून जातो.

फौजदारी प्रकरणांत काही प्रती फुकट मिळतात. फिर्याद देणाऱ्याला प्रथम खबरी अहवालाची, आरोपीला दोषारोपपत्राची, आणि कारावासाची शिक्षा झालेल्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य द्यायची असते. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र येथे उपयोगी पडत नाही. न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांत नकलेची सोय आहे, तेव्हा न्यायालयीन कागद त्याच मार्गाने घ्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात दिला. तरीही असे अर्ज येत राहतात आणि अर्जदाराचा महिना वाया जातो.

‘कोर्टाचे कागद’ म्हणून शोधले जाणारे बरेच काही मुळात कोर्टात नसते. १९५०च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याखालची प्रकरणे आणि रस्त्याची प्रकरणे तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात सापडतात. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे असते.

न्यायालयातले सगळे कागद कायमचे राहत नाहीत. संचिकेची वर्गवारी करून समन्स, मुदतीचे अर्ज वगैरे आधी नष्ट केले जातात, काही कागद ठरलेल्या वर्षांनंतर आणि थोडेच कायम राखले जातात. तेव्हा निकाल लागलेल्या प्रत्येकाने निकालपत्र आणि हुकूमनामा यांच्या किमान दोन-दोन प्रमाणित नकला लगेच काढून ठेवाव्यात. वकील परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत साहाय्य मिळते, आणि १५१०० हा विधी सेवेचा मदत क्रमांक देशभर चालतो.