घरोघरी नांदतो, माहेरी दुर्मीळ

निवडुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो बांधावरचा फड्या निवडुंग. तो मूळचा अमेरिकेचा. पण आपल्याकडे इतका रुळला की त्यास परका म्हणवत नाही. त्याच्याच गणगोतातला, पिंपासारख्या गोल अंगाचा आणि पिवळ्याधमक काट्यांचा एक निवडुंग आज कितीतरी घरांच्या गच्चीवर कुंडीत बसलेला दिसतो. युरोपात थट्टेने त्यास ‘सासूबाईंचे आसन’ म्हणतात!

या गोल अंगात मोठे शहाणपण आहे. गोल वस्तूचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानाने थोडा. त्यामुळे पाणी उडून जाते तेही थोडे. अंगावर उभे कंगोरे असल्याने पाऊस पडताच झाड भात्यासारखे फुगते आणि कोरड्या दिवसांत आक्रसते. साल मात्र फाटत नाही. पानांचे काटे झाल्यामुळे अन्न तयार करण्याचे काम हिरव्या खोडाकडे आले आहे. त्याची रंध्रे उघडतात तीही रात्रीच्या गारव्यात.

पिंपनिवडुंगांच्या नाना जाती मेक्सिकोत आणि संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत वाढतात. या सोनेरी जातीचे घर मात्र फार लहान. मध्य मेक्सिकोतील केरेतारो व इदाल्गो या प्रांतांच्या सीमेवर मोक्तेसुमा नदीचे खोरे आहे. तेथील खडकाळ उतारांवर ती वाढते. दुसरी लहानशी वस्ती दूर साकातेकास प्रांतात आढळली आहे. १८९१ साली हिल्डमान या जर्मन गृहस्थांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि माग्देबुर्गचे कारखानदार व निवडुंगांचे संग्राहक हेर्मान ग्रुझोन यांचे नाव तिला दिले.

पुढे १९९०च्या दशकात त्याच खोऱ्यात सिमापानचे धरण झाले आणि या निवडुंगाच्या वसतिस्थानाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. चोरून झाडे उपटून नेणाऱ्यांनी उरल्यासुरल्यांवर हात मारला. रोपवाटिकांत बियांपासून वाढवलेला हा निवडुंग जगभर विकला जातो. रानात मात्र त्याची गणना धोक्यात आलेल्या वनस्पतींत होते.

कुंड्यांत इतके असताना रानातल्यांची काळजी कशाला, असे कोणी विचारील. पण कुंडीतले झाड आपण घालू त्या पाण्यावर जगते. कड्यावरच्या झाडाला ऊन, दुष्काळ, कीड यांशी स्वतःच झुंजावे लागते. त्या झुंजीतून टिकलेले वाण रानातच सापडते, आणि तेथून गेले की पुन्हा कोठून आणणार? आपल्या गच्चीवर हा पाहुणा सुखाने नांदो. पण त्याचे माहेरही राहिले पाहिजे.