प्रार्थना शाळेत, पण संमती कोणाची?

सकाळची घंटा होते, मुले मैदानावर रांगेने उभी राहतात आणि परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष हा क्रम महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्यातील प्रार्थनेविषयी कोणाला काही आक्षेप असू शकेल, अशी शंकाही बहुसंख्य पालकांच्या मनात येत नाही. मात्र रांगेतील एखाद्या मुलाने हात जोडले नाहीत तर काय करायचे, हा प्रश्न उपस्थित झाला की या साध्या वाटणाऱ्या प्रथेमागील घटनात्मक गुंता उलगडू लागतो.

प्रार्थनेच्या समर्थकांचे म्हणणे दुर्लक्ष करण्याजोगे नाही. प्रार्थनेमुळे मन एकाग्र होते, मुलांना शिस्त लागते आणि आपल्याहून मोठ्या अशा काही तत्त्वापुढे नम्र होण्याचा संस्कार घडतो, असे ते सांगतात. विरोधकांचा मुद्दा निराळा आहे. श्रद्धा ही घरातील आणि अंतःकरणातील बाब आहे. सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळेने तिची सक्ती का करावी, असे ते विचारतात. भारतीय राज्यघटनेने या वादात प्रार्थना चांगली की वाईट, याचा निवाडा केलेला नाही. तिने दोनच गोष्टी पाहिल्या आहेत. शाळेचा खर्च कोण करते आणि सहभागी होणाऱ्याची संमती आहे काय?

घटनेचे कलम २८ याविषयी स्पष्ट बोलते. संपूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे त्याचे पहिले उपकलम सांगते. एखाद्या धर्मादाय निधीतून किंवा विश्वस्त संस्थेतून स्थापन झालेल्या आणि धार्मिक शिक्षणाची अट असलेल्या संस्थेचे प्रशासन सरकारकडे असेल, तर तिला दुसऱ्या उपकलमाने सूट दिली आहे. तिसरे उपकलम सरकारमान्य आणि अनुदानित संस्थांसाठी आहे. अशा संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीविना आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीविना धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास किंवा उपासनेला हजर राहण्यास भाग पाडता येत नाही.

ही रचना घटना समितीत सखोल चर्चेनंतर स्वीकारली गेली. डिसेंबर १९४८ मधील त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उदाहरण दिले ते मुंबईचे. महापालिकेच्या एकाच शाळेत हिंदू, ख्रिस्ती, पारशी, ज्यू अशा सर्व समाजांची मुले असणार. हिंदूंमध्येही सनातनी, शैव, वैष्णव असे भेद असणार. मग सरकारने यांपैकी कोणाकोणाच्या धार्मिक शिक्षणाची सोय करायची, असा त्यांचा सवाल होता. ज्या शहरात एकाच चाळीत चार धर्मांची बिऱ्हाडे नांदतात, त्या शहरातील वाचकाला हा युक्तिवाद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तरीही एक फट उरतेच. पूर्णतः सरकारी शाळांविषयीच्या पहिल्या उपकलमात ‘धार्मिक शिक्षण’ हा शब्द आहे, ‘उपासना’ हा शब्द नाही. मग सकाळची प्रार्थना हे धार्मिक शिक्षण ठरते काय? केंद्रीय विद्यालयांतील प्रार्थनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा नेमका हाच प्रश्न पुढे आला. तेथील प्रार्थनेत उपनिषदातील वचनांचा समावेश आहे. ही वचने वैश्विक सत्य सांगतात, त्यामुळे केवळ संस्कृत भाषेतील म्हणून ती एका धर्माची ठरत नाहीत, अशी भूमिका सरकारच्या वतीने मांडण्यात आली. विषयाचे महत्त्व लक्षात घेऊन न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन आणि न्यायमूर्ती विनीत सरन यांच्या खंडपीठाने जानेवारी २०१९ मध्ये हे प्रकरण मोठ्या पीठापुढे ठेवण्याचा आदेश दिला.

‘वैश्विक’ प्रार्थना ही कल्पना आकर्षक असली तरी ती तितकीशी सोपी नाही. त्याच २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील पिलिभीत जिल्ह्यात एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला, परिपाठात इक्बाल यांची प्रार्थना म्हणवून घेतल्याच्या तक्रारीवरून निलंबित व्हावे लागले. मुलाच्या तोंडून सदाचाराचे मागणे मागणारी ही कविता उर्दू शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाते. एकाला जे सर्वांचे वाटते, ते दुसऱ्याला परके वाटू शकते. जी प्रार्थना आपल्या कानाला सवयीची असते, तिच्यातील धार्मिक रंग आपल्याला दिसत नाही. इतरांच्या प्रार्थनेतील मात्र चटकन डोळ्यांत भरतो.

म्हणूनच न्यायालयांनी भर दिला तो सहभागी न होण्याच्या हक्कावर. केरळमध्ये १९८५ मध्ये ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आले. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. पण श्रद्धेला मान्य नसल्याने गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची हकालपट्टी रद्द ठरवली. राष्ट्रगीताबाबत जर मौनाचा हक्क मान्य होतो, तर प्रार्थनेबाबत तो अधिकच लागू व्हायला हवा. महाराष्ट्रात याचा प्रत्यय नाशिकच्या एका प्रकरणात आला. प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या शिक्षकाला बेशिस्तीचा ठपका ठेवून वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला आणि हात जोडण्याची सक्ती मूलभूत हक्काशी विसंगत असल्याचे स्पष्ट केले.

अर्थात शिक्षक न्यायालयात जाऊ शकतो. आठ वर्षांचे मूल जाऊ शकत नाही. कायद्याने संमती पालकाकडे सोपवली आहे, परंतु प्रवेशाच्या वेळी ती विचारण्याची तसदी किती शाळा घेतात? आणि विचारलीच, तरी आपले मूल रांगेत वेगळे पडेल या धास्तीने किती पालक नकार देतील? वर्गमित्रांच्या नजरा आणि गुरुजींची नाराजी ही कोणत्याही परिपत्रकात न लिहिलेली सक्ती असते.

धर्माला शाळेच्या दाराबाहेर ठेवावे, असा याचा अर्थ नव्हे. धार्मिक शिक्षण देणे आणि विविध धर्मांविषयी माहिती देणे यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे. बुद्ध, महावीर, ख्रिस्त, पैगंबर, ज्ञानोबा-तुकोबा मुलांना कळायलाच हवेत. सामूहिक संस्कारासाठीही पर्याय आहेत. महाराष्ट्राने २०२० मध्ये शाळांमधून राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन सक्तीचे केले. दोन मिनिटांचे मौनही एकाग्रता देते, आणि त्या मौनात ज्याने त्याने आपापल्या देवाचे स्मरण करावे किंवा करू नये.

प्रार्थनेचे मोल ती मनापासून असण्यात आहे, हे तिचे समर्थकही मान्य करतील. मग न म्हणणाऱ्या मुलाला तिच्यासाठी शिक्षा करण्यात प्रार्थनेचा तरी कोणता सन्मान होतो? हात जोडणाऱ्यांच्या रांगेत एखादे मूल हात न जोडता निर्धास्त उभे राहू शकते काय, यावरच ती शाळा सर्वांची आहे की नाही हे ठरते.