सेकंदाला अडतीस लाख मरणं

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात २५ लाख ८५ हजार माणसं भरली. आष्टीपासून परळीपर्यंत, तान्ह्या लेकरापासून थकलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळी धरून. आपल्या एकेकाच्या शरीरात दर सेकंदाला याहून जास्त पेशी मरतात, सुमारे ३८ लाख.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी २०२१मध्ये हा हिशेब मांडला. दिवसाला ३३ हजार कोटी पेशी जातात आणि जवळपास तेवढ्याच नव्या येतात. वजन भरतं ८० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वर्षाला २९ किलो. मरणाऱ्या पेशींत संख्येने मोठा वाटा रक्तातल्या तांबड्या पेशींचा. १२० दिवस राबून त्या थकल्या की प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि त्यांच्यातलं लोह काढून घेतात, रोज २० ते २५ मिलिग्रॅम. खाल्लेल्या अन्नातून अंगी लागतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम.

इतर अनेक पेशी मात्र स्वतःचं मरण स्वतःच पार पाडतात. पेशी आकसते, आतला डीएनए ठरावीक मापाने तुटतो, आवरणाच्या आतल्या बाजूचा एक मेदाचा रेणू बाहेर येतो आणि ती खूण ओळखून शेजारच्या पेशी तिला गिळून टाकतात. आतलं काही बाहेर सांडत नाही, म्हणून ना सूज येते, ना ताप. मला यातलं हेच सगळ्यात अचाट वाटतं.

मरायचा हा हुकूम देतं कोण? जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी त्याचं उत्तर एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीत शोधलं. त्याच्या शरीरात १,०९० पेशी तयार होतात, त्यांतल्या १३१ मरतात आणि ९५९ उरतात. दर कृमीत त्याच १३१. एक जनुक निकामी केलं, तर मरायच्या त्या जवळजवळ सगळ्या पेशी जगतात. त्याच घराण्यातली जनुकं माणसातही निघाली. या कामासाठी हॉर्विट्झ यांना २००२चं नोबेल मिळालं, ब्रेनर आणि सल्स्टन या शास्त्रज्ञांसह. मरायची पेशी हुकूम धुडकावून वाढत राहिली, की कॅन्सरची वाट मोकळी होते. हत्तीच्या जनुकसंचात बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या पी-५३ जनुकाच्या सुमारे २० प्रती आहेत. आपल्या जनुकसंचात एकच.

गर्भाशयाचं अस्तरही असंच संप्रेरकाच्या इशाऱ्यावर मरतं आणि गळतं, बाईच्या आयुष्यात सुमारे ४०० वेळा. बीडच्या ऊसतोड बायकांना मात्र हे चक्र परवडेनासं झालं. एक खाडा पडला की मुकादम दंड कापतो. अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं, की ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असं ऐकायला मिळालं, हे कितीतरी जणींनी सांगितलं. २०१९च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक!

अंगावरून पांढरं जाणं हे अनेकदा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं, गोळ्यांनी बरं होणारं. तरीही गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची शंका आलीच, तर आधी पॅप चाचणी करता येते. तिथल्या पेशी हलक्या हाताने खरवडून काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. तपासणी ग्राह्य ठरायला ८ ते १२ हजार पेशी पुरतात.